ॲस्ट्रोसाइटचा पोटॅशियम प्रवाह बेरियमनं कसा वेगळा काढावा

न्यूरॉनवर हात बसलेली मुलं ॲस्ट्रोसाइटला (मेंदूत न्यूरॉनची देखभाल करणारी पेशी) प्रवाह मोजणारी काचेची पिपेट लावतात आणि हिरमुसतात. स्पाइक (न्यूरॉनचा विजेचा झटका) नाही, नुसती सरळ रेघ. पण केआयआर ४.१, म्हणजे पेशीच्या पडद्यातलं पोटॅशियमचं चॅनेल, त्या रेघेतच दडलेलं असतं. बेरियम ते बंद करतं, म्हणून बेरियमच्या आधीचा आणि नंतरचा प्रवाह मोजून त्याचा वाटा वेगळा काढता येतो. न्यूरॉन फायर झाले की बाहेर साठणारं पोटॅशियम उचलायला हेच चॅनेल लागतं. त्याच्या केसीएनजे१० जीनमध्ये दोष असलेल्या रुग्णांचं वर्णन २००९ साली आलं: फिट्स, तोल जाणं, बहिरेपण, मूत्रपिंडातून क्षार वाया जाणं. म्हणून हे मोजमाप काटेकोर व्हावं अशी माझी तळमळ आहे.

खरी मेख द्रावणात आहे. नेहमीच्या एसीएसएफमध्ये (मेंदूभोवतीच्या द्रवासारखं कृत्रिम द्रावण) बहुधा मॅग्नेशियम सल्फेट आणि सोडियम फॉस्फेट असतं. सल्फेटबरोबर बेरियमचा साका बसतो; मग पेशीपर्यंत किती पोचलं, देव जाणे. मॅग्नेशियम क्लोराइड घ्या, फॉस्फेट वगळा आणि कंट्रोललाही हेच द्रावण वापरा. ९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे आधी, बेरियम शेवटी. उलट केलंत तर पीएच चढलेला असतो आणि कार्बोनेटनं पाणी गढूळ होऊ शकतं. बेरियम क्लोराइड डायहायड्रेट २.४४ ग्रॅम, एकूण १०० मिली: हा १०० मिलिमोलर स्टॉक. लिटरला १ मिली टाका, १०० मायक्रोमोलर झालं. विषारी आहे, ग्लोव्ह्ज घाला, सिंकमध्ये ओतू नका.

मुंबईत जूनपासून हेडस्टेज (पिपेटमागचा छोटा ॲम्प्लिफायर) आणि पिपेट होल्डरवर ओल धरते, नॉइज वाढतो. एसी आधीच ड्राय मोडवर लावा, होल्डर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा.

मेंदूची ३०० मायक्रॉनची स्लाइस पुरते. विश्रांतीचं व्होल्टेज −८० मिलिव्होल्टच्या आसपास असेल तर पुढे जा. या पेशींचा रेझिस्टन्स जेमतेम काही मेगाओहम, म्हणून सीरीज रेझिस्टन्स (पिपेटच्या टोकाशी येणारा अडथळा) थोडा हलला तरी तो बेरियमचा परिणाम वाटतो. बेरियमच्या आधी आणि नंतर तो मोजा. २० टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर ती पेशी सोडून द्या, पिपेटचं पेशीवरचं सील कितीही सुंदर असलं तरी.

आता −१४० ते ० मिलिव्होल्टच्या स्टेप्स द्या, बेरियमच्या आधीच्या प्रवाहातून नंतरचा वजा करा. बेरियमनंतरही उरलेल्या सरळ रेघेत दोन-पोअर चॅनेल (पोटॅशियमचीच दुसरी चॅनेल) आणि गॅप जंक्शनमधून (पेशी-पेशींना जोडणाऱ्या वाटा) जोडलेले शेजारी असतात. त्यांना केआयआर म्हणू नका. वजाबाकीतून आलेला प्रवाह पोटॅशियमचाच का, हे पाहायला बाहेरचं पोटॅशियम २.५ वरून ५ मिलिमोलर करून सगळं पुन्हा घ्या. प्रवाह शून्य होतो ते व्होल्टेज साधारण १८ मिलिव्होल्टनं वर सरकायला हवं.