पाहुणे येण्याआधीचं वर्ष

लहान गावात पर्यटनाचं काम उभं करायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे फोन मला वरचेवर येतात. बहुतेक जण नुकतेच पदवी घेतलेले असतात, काही जण पुण्या-मुंबईची नोकरी सोडायच्या बेतात असतात. सगळ्यांना मी एकच सांगते: एप्रिलमध्ये जा. जूनच्या तोंडावर काजवे, ऑगस्टात धबधबे, सप्टेंबरात सोनकी. तेव्हा सह्याद्रीतलं कुठलंही गाव देखणंच दिसतं आणि त्या देखणेपणात हिशोब चुकतो. एप्रिलमध्ये आठवडाभर राहा. बायांबरोबर पहाटे झऱ्यावर जा आणि एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा.

मी हॉटेल मॅनेजमेंट शिकले आणि नाशिकच्या एका हॉटेलात चार वर्षं नोकरी केली. ट्रेकिंगचा नाद होता, त्यातून रतनगडाच्या अंगाला असलेल्या एका वाडीत जाणं-येणं सुरू झालं आणि पुढे तेच काम झालं. अकोले तालुक्याचा हा पश्चिम भाग. एका बाजूला 1646 मीटरचं कळसूबाई, दुसरीकडे साम्रदची सांधण दरी, मध्ये 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचं पाणी. 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, इथे पर्यटनाला काय कमी! पण भात झोडून झालं, दिवाळी सरली, की हीच घरं कुलूप लावून पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या मजूर बाजारात उभी राहायला निघतात. म्हातारी माणसं आणि काही पोरं मागे राहतात. मी पहिल्यांदा नोव्हेंबरात मुक्कामाला गेले तेव्हा निम्म्या दारांना कड्या होत्या. या कामाचा खरा प्रश्न तो आहे. पाहुणे किती आले हा आकडा फोटोबरोबर टाकायला छान असतो, पण दिवाळीनंतर जीपमध्ये किती जण बसले हे मोजल्याशिवाय गाव उभं राहतंय की नाही हे कळत नाही.

आता पाण्याकडे येते, कारण माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं. घाटघरच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तरी मार्च उलटला की बायांच्या डोक्यावर हंडे येतात. खाली कातळ आहे, पाणी मुरत नाही, पडलं तसं उतारावरून निघून जातं. मी मात्र गेले ती होम-स्टेची फाइल घेऊन: गाद्या किती, चादरी किती, जेवणाचा बेत काय. स्वच्छ भारतच्या बारा हजारांच्या अनुदानातून घरोघरी शौचालयं बांधलेली होती, त्यामुळे तो प्रश्न सुटला असं मी धरून चालले. एका मावशींच्या घरी दार उघडलं तर आत गोवऱ्या रचलेल्या. त्या म्हणाल्या, "ताई, एक हंडा डोक्यावरून आणायचा आणि तो यात ओतायचा का?" चार पाहुणे दोन दिवस राहिले तर त्या घरातल्या बाईला झऱ्यावर किती खेपा जास्त पडतील, याचं गणित माझ्या फाइलीत नव्हतं.

म्हणून पहिला पैसा झऱ्याला लागला. वरच्या झऱ्याला बांधीव कुंड घातलं, तिथून उताराने पाइप आणला आणि वाडीजवळ साठवण टाकी बांधली. खणण्याचं काम गावाने श्रमदानाने केलं, पाइप-सिमेंटसाठी मी ओळखीच्या ट्रेकर मंडळींकडून देणगी गोळा केली. यात सात महिने गेले आणि एकही पाहुणा आला नाही. माझी शिल्लक संपत आली, आई रोज फोनवर विचारायची. मी आठवड्यातले दोन दिवस नाशिकला शिकवण्या घेऊन भागवलं. नव्यांना हे मुद्दाम सांगते: किमान दीड वर्षाचा स्वतःचा खर्च हाताशी असल्याशिवाय या कामात उडी घेऊ नका. पैसे संपले की माणूस घाई करतो आणि घाईत घेतलेल्या पहिल्या पाहुण्यांच्या गटाचा त्रास गावाला वर्षभर पुरतो.

गुंतवणुकीचं म्हणाल, तर पैसेवाली माणसं शोधावी लागत नाहीत, ती येतातच. आमच्याकडे एक गृहस्थ पाण्याच्या काठची पाच एकर जागा बघायला आले. रिसॉर्ट काढतो, वाडीतल्या वीस पोरांना नोकऱ्या देतो म्हणाले. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 36 आणि 36 अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता, गहाण टाकता किंवा भाडेपट्ट्याने देता येत नाही. ते त्यांना माहीत होतं. म्हणून गावातल्याच कुणाच्या तरी नावावर व्यवहार करू, असं हळूच सुचवलं. हे कलम तुम्ही पाठ करून जा, कारण असा प्रस्ताव येतो तेव्हा गाव तुमच्याकडे बघतं. त्या दिवशी बैठकीत मी कायदा सांगितला, पण निर्णय झाला तो एका आजोबांच्या बोलण्यावर. ते म्हणाले, धरणात आपली खालची भातखाचरं गेली, आता वरची आपल्या हाताने देऊ नका. नंतर कुणी विषय काढला नाही.

मग पैसा कुठून आणायचा? बचतगटातून. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या महिला गटांना बँकेचं कर्ज मिळतं आणि आमच्या वाडीतला गट हप्ते वेळेवर फेडणारा होता. अकरा घरांनी थोडं थोडं कर्ज काढलं. त्यातून न्हाणीघराला फरशी, गाद्या, सौर दिवे, पत्र्याखाली छताचं अस्तर एवढंच केलं. शेणाने सारवलेली जमीन तशीच ठेवली. तंबूंसाठी मात्र बाहेरचा पैसा घेतला, तोही आगाऊ बुकिंगच्या रूपात. दोन ट्रेकिंग गटांनी पैसे आधी दिले आणि हंगामात मुक्कामातून वळते केले. कर्ज घराच्या मालकिणीच्या नावावर असलं की कमाईही तिच्या खात्यात येते, हा त्यातला मोठा फायदा.

पाहुणे कुणाच्या घरी उतरवायचे, त्या पाळीचा मुद्दा सोपा वाटतो, पण गावात भांडणं लागतात ती इथेच. पाहुणा ज्या घरी पहिल्यांदा उतरला तिथलाच नंबर घेऊन जातो, पुढच्या वेळी थेट फोन करतो आणि रस्त्याकडेची दोन घरं श्रीमंत होतात. आमच्याच तालुक्यातल्या पुरुषवाडीत आणि कोकणात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला मी हे समजून घ्यायला जाऊन राहिले. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने 2002 पासून समुद्री कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं, कासव महोत्सव 2006 मध्ये आला. आधी कासव, मग पाहुणे, हा क्रम मला तिथे शिकायला मिळाला. आमच्याकडे एकच बुकिंग वही आहे. पाळीप्रमाणे घर मिळतं, थेट आलेला फोनही वहीत चढतो आणि दर पाहुण्यामागे ठरलेली रक्कम ग्रामनिधीत जाते. ज्यांच्या घरी पाहुणे उतरवण्याइतकी जागा नाही, त्यांच्याकडून तांदूळ, अंडी, भाजी विकत घ्यायची, हेही वहीत लिहिलेलं आहे.

जेवणाचा दर ठरवताना बाया पन्नास रुपये म्हणत होत्या. मी त्यांना तराजू घेऊन बसवलं. तांदूळ, नाचणी, तेल, सरपण, गावठी कोंबडी आणि दोन बायांची चार तासांची मजुरी, नारायणगावला मिळते त्या दराने. बेरीज बघून त्या गप्प झाल्या, मग हसल्या. स्वतःच्या मजुरीला पैसे असतात हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर पाहिलं. बेत मात्र शहरी करू नका. पनीर आणायला निघालेल्या वहिनींना मी थांबवलं. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, वरईचा भात, पावसाळ्यात कुरडू, भारंगी, टाकळा या रानभाज्या. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली. काळभात हे इथलं जुनं वाण. पाहुणे जेवताना तो तांदूळ विचारतात आणि जाताना पाच-पाच किलो घेऊन जातात.

दोरावरच्या खेळांबाबत मी कडक आहे, आणि तुम्हीही राहा. गावातली पोरं अनवाणी कातळ चढतात, पण कडा ओळखीचा असणं आणि दुसऱ्याचा जीव दोरावर सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. आमच्या दोन मुलांना आम्ही उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्सला पाठवलं. ते येईपर्यंत रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, घेतलं नाही. प्रत्येक दोराची नोंदवही आहे: कधी घेतला, किती वेळा वापरला, कुठे घासला. शंका आली की दोर कापून गुरं बांधायला द्यायचा, म्हणजे पुन्हा चुकून कड्यावर जात नाही. सांधण पावसाळ्यात बंद म्हणजे बंद. दरी अरुंद आहे, वर कुठेतरी सर आली की आत पाण्याचा लोंढा येतो आणि दोन्ही बाजूंना उभे कडे. "आम्ही लांबून आलोय" म्हणणाऱ्या पाहुण्याला नाही म्हणता येणं, हे वाटाड्याचं पहिलं शिक्षण. ते आम्ही नाटक बसवतात तसं, एकाला पाहुणा करून, पोरांकडून घोटून घेतलं.

काजव्यांच्या हंगामात आमची मोठी चूक झाली. मेच्या अखेरीपासून पहिल्या जोरदार पावसापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ ही झाडं लखलखतात. त्या वर्षी समाजमाध्यमांवर फोटो पसरले आणि एका शनिवारी रात्री आमच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. आम्हीही त्यात खूश होतो, घरं भरली होती. त्याच रात्री वाडीतल्या एका आजारी काकांना राजूरला न्यायचं होतं आणि जीप दोन तास जागची हलली नाही. काका वाचले, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं ती नजर मला विसरता येत नाही.

ग्रामसभेत त्यावर पूर्ण दिवस चर्चा झाली. गाड्या वाडीच्या अलीकडे थांबवायच्या, पुढे पायी, विजेरीला लाल कागद, फ्लॅश नाही, एका रात्री साठच माणसं. गर्दीचा त्रास माणसांनाच होतो असं नाही. नर काजवा उडत लुकलुकतो आणि गवतात बसलेली मादी त्याला उत्तर देते. हेडलाइटच्या उजेडात ही बोली बुडून जाते, जोड्या जमत नाहीत. पायाखाली गवत तुडवलं तर अंडी-अळ्याही जातात. त्या वर्षी कमाई घटली. पुढच्या वर्षी पाहुणे दोन रात्री राहू लागले आणि घटलेलं बरंचसं भरून निघालं.

कागदपत्रांचं थोडक्यात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 चं, साहसी पर्यटनाचं 2021 चं. दोन्हींत पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. जेवण देणाऱ्या घरांना अन्नसुरक्षेची नोंदणी, परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची (पूर्वीचा सी-फॉर्म). अभयारण्यात जायचं तर वनखात्याचं शुल्क आणि त्यांचे नियम. हे सगळं गावातल्याच एखाद्या बारावी झालेल्या मुलीला शिकवा, स्वतः करत बसू नका.

या कामात पगार कमी आहे आणि बढती नाही. तुमची गरज जितकी कमी होत जाईल तितकं काम नीट चाललंय असं समजायचं, आणि पुढच्या गावाची तयारी ठेवायची. मी सध्या जव्हारकडच्या एका पाड्यात पुन्हा पाण्यापासून सुरुवात केलीय. रतनगडाखालच्या वाडीतल्या त्या अकरा घरांपैकी आठ घरं गेल्या दिवाळीनंतर नारायणगावला गेली नाहीत. तीन गेली. त्यांच्या घरी पाहुण्यांची पाळी कमी का येते, हे बचतगट सध्या तपासतोय.

बुकिंगची वही तिथल्या एका वहिनींकडे असते. मागच्या महिन्यात मी त्यांना फोन केला, दोन मैत्रिणींना घेऊन शनिवारी येते म्हटलं. त्या म्हणाल्या, "शनिवार भरलाय ताई, साठच्या वर घेता येत नाही. मंगळवारी या." आम्ही मंगळवारी गेलो.