गाडीत केमिकलसारखा वास येतोय? आधी परफ्युम काढा, मग शोधा

गाडीत शिरल्या शिरल्या विचित्र वास आला की बरेच जण एसीच्या जाळीला परफ्युम अडकवून मोकळे होतात, आणि गळती आतल्या आत चालूच राहते. त्यामुळे पहिलं काम म्हणजे परफ्युम, डांबर गोळ्या, मॅट सगळं बाहेर काढायचं, डिकी रिकामी करायची (फिनेल किंवा थिनरची बाटली लवंडलेली असते कधीकधी) आणि काचा बंद करून गाडी दोन तास उन्हात ठेवायची. मग दार उघडून पहिला श्वास नीट घ्या, कारण नाकाला वासाची सवय फार पटकन होते. जमलं तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वास घ्यायला लावा.

नुसता वास कसला आहे एवढंच बघू नका, कधी येतो तेही बघा. गाडी बंद असताना उन्हात तापून येत असेल तर सीट कव्हर, लॅमिनेशन, गोंद असलं काहीतरी. ब्लोअर लावल्यावरच येत असेल तर एसी-हीटरच्या डब्यात काहीतरी आहे. आणि सिग्नलला थांबल्यावर येतो पण रिसर्क्युलेशनचं (आतलीच हवा फिरवत ठेवायचं) बटण दाबलं की कमी होतो, तर तो बाहेरून किंवा बोनेटमधून आत ओढला जातोय.

पेट्रोल किंवा गॅसचा वास असेल तर मात्र शोधत बसायचं नाही. गाडी बंद, सगळी दारं उघडी, लाईटचा स्विचसुद्धा लावायचा नाही, सगळ्यांनी लांब जायचं, आणि सीएनजी असेल अन् सहज हात पोचत असेल तर सिलेंडरचा व्हॉल्व्ह हातानं बंद करायचा. सीएनजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम त्यात उग्र वासाचं रसायन घालतात, म्हणजे तो वास आला की इशारा समजायचा. जॉइंट तपासायचं काम अधिकृत किटवाल्याकडेच, आणि सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं करायची तपासणी) दर 3 वर्षांनी झालीय ना ते त्याच वेळी बघून घ्या. पेट्रोलचा वास मागच्या सीटवर जास्त येत असेल तर फ्युएल पंपाच्या झाकणाचं सील बघायला सांगा, बऱ्याच गाड्यांत ते सीटखालीच असतं. पंपावर ऑटो कट झाल्यावर अजून थोडं भरा म्हणायची सवय असेल तर ती सोडा, जास्तीचं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाऊन तो खराब होतो.

आता गोडसर वास. पाक उकळल्यासारखा वास आला तर तो बहुतेक कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा. आपल्याकडे हीटर कुणी फारसा लावत नाही म्हणून याच्यावर संशय जात नाही, पण बऱ्याच गाड्यांत हीटर बंद असला तरी डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरमधून (हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून) गरम कूलंट फिरतच असतं, त्यामुळे गळती ऐन मे महिन्यातही होऊ शकते. खुणा तीन. समोरच्या काचेवर आतून तेलकट थर येतो आणि पुसला की अजून पसरतो, कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरते पण खाली जमिनीवर थेंब नाही, आणि डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं लागतं, बहुतेक वेळा डाव्या सीटच्या पायापाशी. नुसतं ओलं बघून घाबरू नका, एसीचा ड्रेन पाईप तुंबला तरी तिथंच पाणी येतं. पांढरा टिश्यू पेपर कार्पेटवर दाबून धरा: रंगहीन पाणी आलं तर एसी, हिरवट-गुलाबी आणि बोटांना बुळबुळीत लागलं तर कूलंट.

खात्रीसाठी मेकॅनिककडून कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट करून घ्या, आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. कोअर बदलायला बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरी जास्त लागते, म्हणून काही जण बोनेटमधले हीटरचे दोन पाईप एकमेकांना जोडून कोअर बायपास करून देतात. तात्पुरतं चालतं. पण लीक बंद करणारी पावडर टाकू नका, तिनं रेडिएटरही चोंदू शकतो. आणि सांडलेलं कूलंट विषारी असतं, त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलची चव गोड असल्यामुळे लहान मुलं आणि कुत्र्यांना धोका जास्त, तेव्हा कार्पेट काढून धुवा आणि खालचा फोमही पूर्ण वाळवा, नाहीतर दुरुस्तीनंतरही वास जात नाही.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर बॅटरी बघा. इंजिन चालू ठेवून बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावला तर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट यायला हवेत, 15 च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) रेग्युलेटर गेलेला असू शकतो. बॅटरी फुगलेली दिसली तर हात लावू नका, लगेच माणूस बोलवा.

धुराचा वास आत येत असेल तर काचा खाली करा आणि सायलेन्सर लवकर तपासून घ्या, कारण त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, म्हणून बंद गाडीत एसी लावून झोपायचं नाही.

नवीन गाडीचा किंवा नव्या सीट कव्हरचा वास असेल तर काही आठवडे रोज निघायच्या आधी चारी दारं पाच मिनिटं उघडी ठेवा आणि सुरुवातीला रिसर्क्युलेशन लावू नका. खायच्या सोड्यानं गोंदाचा वास फारसा जात नाही. महिनाभरानंतरही डोळे चुरचुरत असतील तर कव्हर सरळ काढून टाका, लहान मूल रोज गाडीत बसत असेल तर महिनाभरही थांबू नका.