कर्नल अपडेटनंतर मशीन उठत नाही? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

सोलापुरात लिनक्सवर चालणारी मशीनं सांभाळणं हे माझं रोजचं काम. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचे बिलिंग सर्व्हर, दोन दवाखान्यांच्या रिसेप्शनवरचे पीसी, एक अभ्यासिका. ‘अपडेट मारलं आणि मशीन उठेना’ हा फोन मला इतक्या वेळा आलाय की पुढचं वाक्यही पाठ आहे: ‘फॉरमॅट मारू का सर?’

नका मारू. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. त्याचं अपडेट तुमच्या डेटाला हात लावत नाही. डेटा जातो तो त्यानंतरच्या घाईत. उबंटू असो वा डेबियन, नवा कर्नल जुन्याच्या शेजारी येऊन बसतो आणि जुना तिथेच राहतो. मशीन चालू करताना शिफ्ट दाबून धरा. यूईएफआयवालं (नव्या पद्धतीनं बूट होणारं) असेल तर कंपनीचा लोगो गेल्या-गेल्या एस्केप एकदाच दाबा. सारखं बडवत राहिलात तर कर्नल निवडायच्या मेनूऐवजी ग्रबचा (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) काळा प्रॉम्प्ट समोर येतो आणि माणूस आणखी घाबरतो. मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा, मागचा कर्नल निवडा. बहुतेक वेळा मशीन इथेच उठतं आणि उरलेली दुरुस्ती चहा पीत करता येते. मी बसवलेल्या प्रत्येक मशीनवर हा मेनू दहा सेकंद दिसेल असंच ठेवतो. बूट दहा सेकंद उशिरा झाला म्हणून कुणाचा माग थांबत नाही.

बूट पार्टिशन भरलेलं असताना अपडेट मारणं

मला सर्वांत जास्त वेळा भेटलेली चूक हीच. डिस्क एन्क्रिप्ट केली किंवा डेबियनमध्ये एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटायची सोय) निवडलं, की इन्स्टॉलर बूटसाठी वेगळं पार्टिशन करतो. डेबियन १२ मध्ये ते ५०० एमबीच्याही आतलं असतं. प्रत्येक नवा कर्नल तिथे दोन मोठ्या फाइली ठेवतो: एक कर्नलची, दुसरी इनिट्रामएफएसची. ही दुसरी फाइल म्हणजे डिस्क ओळखायला लागणारे ड्रायव्हर भरलेलं गाठोडं. जुने कर्नल कुणी काढत नाही, पार्टिशन भरतं, आणि पुढच्या अपडेटला हे गाठोडं अर्धवट बांधलं जातं किंवा बांधलंच जात नाही. अपडेट करताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असं स्क्रीनवर स्पष्ट येतं. पण तोवर माणूस रीबूट मारून मोकळा झालेला असतो.

मग दिसतो कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल हात वर करून थांबतो: ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’. हे वाचून लोक हार्डडिस्क गेली असं धरून चालतात. तो शून्य-शून्य डिस्क मेल्याचं सांगत नाही. कर्नलला एकही डिस्क ओळखता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्याचं बहुतेकदा कारण म्हणजे गाठोडं जागेवर नाही.

गेल्या संक्रांतीच्या आधीची गोष्ट. गड्डा यात्रेची गर्दी, चादरी-टॉवेलांच्या पार्ट्या गावात, आणि अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्याचा सर्व्हर बंद. सकाळी सातला मालकांचा फोन. ‘ओ सर, काय तर करा की. गाडी भरून उभी आहे, बिल निघंना.’ गेलो तर मालकांचा पुतण्या मशीनसमोर रात्रभर जागलेला. पोरगा हुशार, हात चालतो, पण थांबून वाचायची सवय नाही.

त्यानं काय केलं होतं? बूट पार्टिशन भरल्याचं त्याला कळलं, हे चांगलं. जागा करायला त्यानं बूटमधल्या जुन्या कर्नलच्या फाइली सरळ आरएम (फाइल पुसायची कमांड) मारून उडवल्या, अगदी त्या क्षणी चालू असलेल्या कर्नलच्यासुद्धा. नव्या कर्नलचं गाठोडं बांधलेलं नव्हतं आणि परतीची वाट त्यानं स्वतःच मोडली. रीबूट केल्यावर पॅनिक. मेनूत जुनी नावं दिसतात, पण मागे फाइलच नाहीत.

मग त्यानं लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं, रूट (मुख्य सिस्टिमचं) पार्टिशन माउंट केलं म्हणजे जोडलं, सीएच-रूट करून डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरला आणि ‘अपडेट-इनिट्रामएफएस’ चालवलं. ‘जनरेटिंग’ असं आलं, एरर एकही नाही. रीबूट. पुन्हा तोच पॅनिक. रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत त्यानं हे चार वेळा केलं. ‘सर, फाइल बनते, मी डोळ्यानं बघितली. तरी उठत नाही. हार्डडिस्कच खराब असणार.’

मी त्याला एकच विचारलं: बूट माउंट केलंस का?

नव्हतं केलं. सगळी रात्र त्या एका ओळीपायी गेली. बूटचं पार्टिशन वेगळं असेल आणि तुम्ही फक्त रूट माउंट करून आत शिरलात, तर तिथे ‘बूट’ नावाचा एक रिकामा फोल्डर दिसतो. नवी फाइल त्या फोल्डरात पडते. ग्रब मात्र खऱ्या पार्टिशनवर शोधतो, जिथे काहीच बदललेलं नसतं. एरर येत नाही, कारण कमांडच्या दृष्टीनं सगळं बरोबरच झालेलं असतं. म्हणूनच ही चूक माणसाला रात्रभर फिरवते.

माझा क्रम ठरलेला आहे आणि तो मी वहीत लिहून ठेवलाय. एलव्हीएम असेल तर आधी ‘व्हीजीचेंज -एवाय’. मग रूट माउंट. मग त्या रूटमधली एफएसटॅब (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) उघडून बघायची की बूट आणि ईएफआय वेगळे आहेत का. असतील तर रूटनंतर बूट, बूटनंतर ईएफआय, याच क्रमानं. मग डेव्ह, प्रोक, सिस आणि रन हे सिस्टिमचे चार फोल्डर बाइंड करायचे, म्हणजे आत जोडायचे, आणि सीएच-रूट. आत गेल्यावर कुठलीही दुरुस्ती करण्याआधी बूटमध्ये एलएस. ग्रबचा फोल्डर दिसला पाहिजे. नसेल दिसत तर बाहेर या, तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात.

त्या दिवशी बूट माउंट करून गाठोडं पुन्हा बांधलं, अपडेट-ग्रब चालवलं, मशीन उठलं. आरएमनं उडवलेले कर्नल पॅकेज मॅनेजरच्या हिशेबात अजून होतेच, ते ॲप्टनं रीतसर काढले. त्यातला एक मुद्दाम पुन्हा इन्स्टॉल करून ठेवला, कारण एकाच कर्नलवर मी कुठलंही मशीन सोडत नाही. साडेआठला गाडी निघाली. पोरानं क्रम आपल्या वहीत उतरवून घेतला. मालकांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली.

जुने कर्नल काढायला ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ आहे. चालू कर्नल आणि सर्वांत नवा, एवढे तरी तो राखून ठेवतो. आरएम नको. दहा सेकंद वाचवायचा हा शॉर्टकट मला अजिबात सहन होत नाही.

अपडेट झाल्या झाल्या रीबूट

अपडेट संपलं की मी आधी बूटमध्ये फाइलींचे आकार बघतो. नव्या कर्नलचं गाठोडं आहे का, जुन्याच्या आसपासच्या आकाराचं आहे का. अर्धंच दिसलं तर रीबूट नाही. सोबत ‘युनेम -आर’नं चालू कर्नलचा नंबर वहीत. दोन मिनिटांचं काम आहे.

दोष कर्नलवर ढकलणं

हे जरा नीट समजून घ्या. सर्व्हर चार-चार महिने बंद होत नाही. त्या काळात कुणी बॅकअपची डिस्क जोडून एफएसटॅबमध्ये ओळ टाकलेली असते, मग ती डिस्क काढून घरी नेलेली असते. हे काहीच जाणवत नाही, कारण रीबूटच झालेलं नसतं. मग कर्नल अपडेट होतं, चार महिन्यांतला पहिला रीबूट होतो, मशीन दीड मिनिट त्या डिस्कची वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जातं. सगळे म्हणतात, अपडेटनं घात केला. इथे जुना कर्नल निवडूनही फरक पडत नाही, आणि हीच खूण. दोन्ही कर्नलवर एकाच जागी अडकत असेल तर कर्नल सोडा, एफएसटॅब बघा. काढता येणाऱ्या प्रत्येक डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ लिहा, म्हणजे ती नसली तरी मशीन अडणार नाही.

‘इनिट्रामएफएस’ असा प्रॉम्प्ट आणि वर ‘यूयूआयडी डज नॉट एक्झिस्ट’ आलं, तर गाठोडं चाललंय पण रूट सापडत नाही. डिस्क क्लोन केली होती का, केबल सैल आहे का, आधी तेवढं बघा.

अपडेट चालू असताना लाइट जाणं

यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशीच्या वर जातो आणि बॅटऱ्या लवकर बसतात. अपडेटच्या आधी बॅटरी किती टिकते ते बघा. अर्धवट राहिलंच तर जुन्या कर्नलवरून उठा आणि ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ (अर्धवट राहिलेलं पूर्ण करणारी कमांड) चालवा.

ग्राफिक्स आणि सिक्युअर बूट

मशीन उठतं पण पडदा काळा राहतो: एनव्हिडियाचा मोड्यूल, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, नव्या कर्नलसाठी बांधला गेलेला नाही. मेनूत ‘ई’ दाबून लिनक्सच्या ओळीत शेवटी ‘नोमोडसेट’ टाका, आत शिरा, त्या कर्नलचे हेडर (मोड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) आहेत का बघा. सिक्युअर बूट (सही नसलेलं चालू न देणारी सोय) चालू असेल तर मोड्यूलवर सही लागते. निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ (त्या सहीची चावी नोंदवायची का) विचारलं जातं तेव्हा न वाचता ‘कंटिन्यू बूट’ दाबणारे पुढे मला फोन करतात.

ग्रब दिसत असताना ग्रबच पुन्हा बसवणं

मेनू येतोय म्हणजे ग्रब ठीक आहे. त्याला हात लावू नका.

नुसतं ‘चालू होत नाही’ सांगणं

त्याच ‘ई’मध्ये ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द खोडा आणि एफ१० दाबा. बदल त्या एका बूटपुरताच राहतो. स्क्रीनवर ओळी धावतील. जिथे थांबतील तिथे मोबाइलनं फोटो काढा, तिरका नको, खालची ओळ कापलेली नको. तो फोटो पाठवा आणि मी पोहोचेपर्यंत मशीन तसंच राहू द्या.