वेड्या बाभळीच्या भागात फॅट बाईक: घरच्या घरी चाकं ट्यूबलेस कशी करायची

मागच्या हिवाळ्यात फॅट बाईकवर, म्हणजे जाड टायरच्या सायकलवर, चोपड्याहून अडावदमार्गे उनपदेवला गेलो होतो, डांबरी सोडून शेतवाटेने, आणि जाता-येता मिळून तीन पंक्चर झाले. दोन वेड्या बाभळीच्या काट्याने आणि एक पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, खुंटाने. आता फॅट बाईकचं पंक्चर म्हणजे चार इंची टायर उतरवा, एवढी मोठी ट्यूब बाहेर ओढा, चिकटवा, आणि मग छोट्या हातपंपाने हवा भरत बसा तर हात दुखून येतो पण टायर काही उभा राहत नाही. घरी आलो आणि ठरवलं की ट्यूबच काढून टाकायची.

ही सायकल मुळात अलास्काच्या बर्फासाठी आणि अमेरिकेतल्या वाळूसाठी निघालेली. आपल्याकडे तापीच्या, गिरणेच्या वाळूत ती मस्त चालते, पण नदीपर्यंत पोचायचं तर बांधावरूनच जावं लागतं आणि बांधावर बाभूळ, बोर, खाली सराटे. ट्यूबलेसमध्ये टायरच्या आत पातळ सीलंट फिरत असतं, काटा घुसला की ते त्या भोकात जाऊन घट्ट होतं. वजनही थोडं कमी होतं पण वजनासाठी हे करू नका, काट्यांसाठी करा.

आधी तुमची रिम बघा. बऱ्याच फॅट बाईकच्या रिमला वजन कमी करायला मोठी भोकं असतात आणि त्यावर रंगीत पट्टी लावलेली असते. रिम ट्यूबलेस-रेडी असेल तर रुंद टेप आणि ट्यूबलेसचा वाल लावला की झालं, मग तुमचं काम सोपं. पण आपल्याकडच्या स्वस्त सायकलींच्या रिमवर टायरची कड घट्ट बसायला जो खाचेचा कट्टा लागतो तो नसतो, म्हणून मी कापलेल्या ट्यूबची पद्धत वापरली आणि तीच सांगतो. वाल पण त्या ट्यूबचाच वापरायचा म्हणून वेगळा शोधावा लागत नाही. कोणी कारचा ट्यूबलेस वाल लावा म्हणेल तर नको, त्याला साडेअकरा मिमीचं भोक लागतं आणि सायकलच्या रिमचं भोक जाड वालाचं असलं तरी साडेआठच्या आसपास असतं, भोक मोठं करायच्या नादात रिम खराब होईल.

सामान काय तर दोन छोट्या ट्यूब, सीलंट, 60 मिलीची सिरिंज, वालपिन काढायची चावी, साबणाचं पाणी, कात्री आणि पॅकिंगचा पांढरा फोम. ट्यूब मुद्दाम लहान घ्यायची म्हणजे ती ताणून रिमला चिकटून बसते. रिम 65 मिमीपर्यंत असेल तर 24 इंची जाड ट्यूब चालते, 80 किंवा त्याहून रुंद असेल तर ती दोन्ही बाजूंना पुरत नाही, मग लहान मुलांच्या 20 इंची फॅट सायकलची चार इंची ट्यूब घ्या. कापायच्या आधी ट्यूब चपटी करून रुंदी मोजा, तिची दुप्पट म्हणजे उघडल्यावरची रुंदी, आणि ती रिमपेक्षा निदान 4 सेमी जास्त पाहिजे कारण ताणली की अरुंद होते.

चाक काढा, टायर-ट्यूब काढा, रिम आतून स्पिरिटने पुसून घ्या, जोडाच्या ठिकाणी धार असेल तर पॉलिश पेपर मारा. रिमची पट्टी तशीच ठेवा. तिच्यावर मधल्या खोलगट भागात फोमची पट्टी गोल फिरवून टेपने धरा, वालाच्या जागी भोक पाडा. हा फोम कशासाठी, तर मधला भाग वर आला की टायरची कड सैल लोंबकळत नाही आणि हवा मारल्याबरोबर बाहेर सरकते. फोम कडेपर्यंत नेऊ नका, जिथे टायर बसतो ती जागा मोकळीच पाहिजे. माझं पहिलं चाक यामुळेच दोनदा उघडावं लागलं.

आता छोटी ट्यूब थोडी हवा भरून रिमवर चढवा, वाल भोकात घालून नट आवळा, हवा सोडा आणि बाहेरच्या बाजूने बरोबर मधोमध गोल कापत जा. दोन्ही पदर उघडून रिमच्या कडांवरून बाहेर टाका. आतली पांढरी पावडर ओल्या फडक्याने पूर्ण पुसा, पावडर राहिली की तिथून हवा जाणारच. मग टायर हातानेच चढवा, लिव्हरने पदर फाटतो. चढवल्यावर सगळीकडून पदर हलकेच बाहेर ओढून सुरकुत्या काढा, आणि टायरच्या कडेला साबणाचं पाणी भरपूर लावा.

यानंतर सीलंट न टाकता चाक पंक्चरवाल्याकडे न्या, हातपंपाने कड बसत नाही, कॉम्प्रेसरच पाहिजे. वालपिन काढून हवा मारायची म्हणजे एकदम आत जाते. पण टायरच्या बाजूला जो हवेच्या जास्तीत जास्त दाबाचा, पीएसआयचा, आकडा छापलेला असतो, बहुतेक 20 ते 30 मध्ये, त्याच्या वर जायचं नाही. दुकानदाराला गाडीच्या 30-35 ची सवय असते, आमच्या इथला तर म्हणाला, "इतलीच हवा का भो?", म्हणून मीटरवर नजर स्वतः ठेवा. टप टप आवाज आले की कड बसली समजा. टायरवर कडेजवळ एक बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. नाहीच बसत असेल तर टायरच्या मधोमध गोल पट्टा किंवा दोरी आवळा म्हणजे कडा दोन्हीकडे ढकलल्या जातात, आणि घडीचा टायर असेल तर आदल्या दिवशी ट्यूब घालून उन्हात ठेवा, नरम पडतो.

कड बसली की हवा सोडा, टायर तसाच बसून राहिला पाहिजे. सिरिंजने वालातून सीलंट टाका, चार इंची टायरला 150 मिली आणि पावणेपाच इंचीला 200 मिलीपर्यंत. बाटली आधी जोरात हलवा, त्यातले कण खाली बसलेले असतात. लॅटेक्सवालंच, म्हणजे रबराच्या चिकाचं, घ्या, मोटरसायकलचं जाड जेल टायरच्या बाजूची बारीक छिद्रं नीट बुजवत नाही. वालपिन लावून 15-20 पीएसआय हवा मारा, चाक सगळ्या बाजूंनी हलवा आणि बादलीवर आडवं अर्धा-अर्धा तास दोन्ही बाजूंनी ठेवा. साबणाचे बुडबुडे दिसतील तिथे चाक फिरवून सीलंट पोचवा, मग लगेच चार-पाच किलोमीटर फिरून या. पहिली रात्र थोडी हवा उतरते, घाबरू नका. बाहेर आलेला पदर दोन-तीन दिवसांनी कापा, 2-3 मिमी ठेवून, ब्लेड टायरकडे वळू देऊ नका.

हवा किती ठेवायची तर माझं वजन 75 किलो आहे, मी डांबरीवर 12 पीएसआय, शेतवाटेला 8 आणि नदीच्या वाळूत 5 ठेवतो. पाचच्या खाली मी जात नाही, अशा रिमवर वळताना कड सुटून भसकन हवा जाते. गाडीच्या मीटरवर एवढा कमी आकडा नीट दिसत नाही, कमी प्रेशरचं मीटर घ्याच.

आपल्याकडे मे महिन्यात 45 अंश होतं आणि सीलंट वाळतं. उन्हाळ्यात दर दीड-दोन महिन्यांनी चाक कानाजवळ हलवून बघा, पाणी हलल्याचा आवाज नाही आला तर 60-70 मिली परत टाका. सायकल पत्र्याच्या शेडमध्ये दुपारभर तापत ठेवू नका.

पऱ्हाटीच्या खुंटाचं भोक सीलंटने बुजत नाही, त्याला गाडीच्या ट्यूबलेसची पट्टी घालायची, म्हणून पट्टीचा किट, पंप आणि एक ट्यूब बरोबर असू द्या. आणि कधी ट्यूब घालायची वेळ आलीच तर आधी टायर आतून फडक्याने सावकाश चाचपा, बोट डायरेक्ट फिरवू नका. ट्यूबलेसमध्ये काटे घुसलेले कळतच नाहीत, मी चार महिन्यांनी टायर उघडला तर आतून सतरा काट्यांची टोकं निघाली, एकेक पक्कडीने काढल्याशिवाय त्यात ट्यूब टाकली असती तर शंभर मीटरही गेलो नसतो.