जुन्या फुटबॉल कार्डाचं साल कसं ओळखाल?

इंग्लंडमधल्या जुन्या फुटबॉल कार्डांवर, म्हणजे खेळाडूंची चित्रं असलेल्या छोट्या संग्राह्य कार्डांवर, बरेचदा साल छापलेलं नसतं. अशा वेळी आधी कार्ड उलटं करा. खेळाडूची खरी माहिती मागेच असते: आधीचे क्लब, देशासाठी खेळलेले सामने. ती त्याच्या कारकिर्दीशी जुळवून पाहा. उदाहरणार्थ, जिमी ग्रीव्हज टॉटनहॅम क्लबचा खेळाडू म्हणून दिसत असेल, तर कार्ड डिसेंबर 1961 च्या आधीचं असूच शकत नाही. 1970 मध्ये तो वेस्ट हॅम क्लबला गेला, म्हणजे कार्ड बहुधा त्यानंतरचंही नसेल. फक्त जर्सीवर मात्र विसंबू नका. हंगामाच्या मध्यात क्लब बदललेला खेळाडू कार्डावर जुन्याच रंगात राहून जातो. सिगारेटच्या पाकिटातलं ब्रिटिश कार्ड असेल, तर ते बहुधा 1940 पूर्वीचं, कारण युद्धातल्या कागदटंचाईने ती छपाई थांबली.

सापडलेलं साल कार्डावर लिहू नका, पेन्सिलनेही नाही. वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, सोबत त्या खेळाडूबद्दल दोन ओळीही.  कार्ड पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात, उन्हापासून दूर ठेवा. आणि वहीत चिकटवायला डिंक? अजिबात नको.