तीन लाखांची पगारवाढ घ्यावी का? घरातल्या तासांसकट हिशेब

सुखासाठी पैसा मोठा की नातं, यावर पंगतीत कितीही वाद घाला, घरात हा प्रश्न येतो तो ऑफर लेटरच्या रूपाने. उदाहरणार्थ पुण्यातल्या हडपसरचं जोडपं घ्या. दोघांपैकी एकाची नोकरी मगरपट्ट्यात, दहा मिनिटांवर, पगार वर्षाला १२ लाख. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हिंजवडीतून १५ लाखांची ऑफर आली आहे आणि आठवडाभरात कळवायचं आहे. तेवढ्या वेळात हा हिशेब आरामात होतो.

सुरुवात पैशापासूनच करा, कारण पैसा कमी पडतो तिथे नात्याच्या गप्पा टिकत नाहीत. तीन गोष्टी तपासा: सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का, कंपनीच्या पॉलिसीशिवाय स्वतःचा आरोग्य विमा आहे का, आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा महागडं पर्सनल लोन डोक्यावर आहे का. कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात जातं. तिन्हींपैकी एका ठिकाणीही भोक असेल, तर नोकरी घ्या आणि ते बुजेपर्यंत पुढचा हिशेब बाजूला ठेवा. हप्त्याच्या तारखेला घरात जे ताण येतात, त्यांवर फिरायला जाणं हा उपाय नाही.

तिन्ही जागा भरलेल्या असतील तर वाढीची खरी किंमत काढू. उत्पन्न आणि समाधान यांचं नातं साधारण पटीने चालतं: ३ लाखांचे ६ झाले की जेवढा फरक जाणवतो, तेवढाच जाणवायला १२ चे २४ व्हावे लागतात. १२ चे १५ म्हणजे पंचवीस टक्के, पटीच्या मापाने जेमतेम एक तृतीयांश पायरी. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काह्नेमन आणि मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी २०२३ मध्ये बार्बरा मेलर्स यांच्यासोबत अमेरिकी आकडेवारी पुन्हा तपासली. बहुतेकांचं समाधान उत्पन्नासोबत वाढतच जातं, पण जे आधीच सर्वांत दुःखी आहेत त्यांची रेषा वर्षाला लाखभर डॉलरच्या आसपास सपाट होते. ज्या दुःखाचं कारण पैशात नाही, ते पगारवाढीने हलत नाही.

आता हातात काय पडतं ते पाहा. २०२५-२६ च्या नव्या कर प्रणालीत १२ लाख पगारावर कर शून्य. १५ लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की १४.२५ लाखांवर ९३,७५० रुपये कर आणि चार टक्के सेस, एकूण ९७,५००. तीन लाखांतले २,०२,५०० उरले, म्हणजे महिन्याला १६,८७५. सीटीसीत, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चाच्या आकड्यात, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरली असेल तर आणखी कमी. म्हणून एचआरकडून महिन्याचा इन-हँड आकडा लेखी मागून घ्या. सीटीसीवरून अंदाज बांधणारे इथेच फसतात.

त्यातून जाण्या-येण्याचा खर्च काढा. रोज साधारण ५० किलोमीटर जास्त, महिन्याला २२ दिवस, गाडी लिटरला १५ देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर ७,७०० रुपये. उशीर झाला म्हणून बाहेरून मागवलेलं जेवण महिन्यातून चारदा, ४०० च्या दराने १,६००. उरले ७,५७५. रोजचे अडीच तास जास्त, म्हणजे महिन्याला ५५ तास. भागाकार करा: तासाला १३८ रुपये. कंपनीची बस असेल तर पेट्रोल गाळा, तास मात्र तेवढेच राहतात.

हे तास घरातल्या कुठल्या वेळेतून जाणार ते कळण्यासाठी सात दिवसांची नोंद ठेवा. २००४ मध्ये काह्नेमन, अ‍ॅलन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाची अशीच प्रसंगवार नोंद घेतली होती. सर्वांत आनंदाच्या वेळांत जोडीदाराची जवळीक वरच्या टोकाला होती आणि कामावर जाणं-येणं तळाला. तुमच्या वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळी आखा आणि प्रत्येकीसमोर एक अक्षर लिहा: ‘मो’ म्हणजे दोघं एकत्र आणि मोकळे, ‘का’ म्हणजे एकत्र पण कामात (भाजी निवडणं, मुलांचा अभ्यास), ‘ए’ म्हणजे एकटे. झोपेला ‘झो’. शनिवार-रविवारची बेरीज वेगळी करा, नाहीतर सुट्टीचे दोन दिवस सगळा आठवडा गोड करून टाकतात.

नोंद बिघडते ती ‘मो’ उदारपणे लिहिल्याने. सोफ्यावर दोन टोकांना दोन फोन घेऊन काढलेला तास ‘ए’ आहे, शेजारी बसलेले असलात तरी. प्रामाणिकपणे लिहिलं तर कित्येक घरांत कामाच्या दिवशी ‘मो’ची एकच ओळ निघते, तीही रात्री साडेदहानंतर. मग वाटतं, प्रवास तर संध्याकाळी, त्याने ही ओळ कशी जाईल? प्रवासाचे तास आधी झोपेतून कापले जातात आणि नंतर मुलांच्या वेळेतून. साडेदहाची ओळ वहीत तशीच राहते, फक्त त्या वेळी दोघांपैकी एक जण पेंगत असतो. म्हणून ‘मो’ची लांबी मोजताना त्यानंतरची झोपही पाहा. सात तासांखाली झोप जात असेल तर जवळीकही मोडू शकते.

शरीरसंबंधांबद्दल आपल्याकडे हिशेबाच्या वहीत कुणी लिहीत नाही, आणि आकडा लिहूही नये. अमेरिकेतल्या तीस हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर २०१५ मध्ये आलेल्या अभ्यासात जोडप्यांचं समाधान आठवड्यातून एकदा इथपर्यंत वाढताना दिसलं, त्यापुढे नाही. त्याच वर्षी कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी काही जोडप्यांना संबंध दुप्पट करायला सांगितले, तर त्यांचा आनंद वाढला नाही, उलट गोडी कमी झाली. ठरवून आकडा गाठायचा नाही, पण वेळ आणि दार मात्र ठरवून राखायचं.

दार हा शब्द शब्दशः घ्या. वन रूम किचनमध्ये सासू-सासरे, मुलं आणि तुम्ही असाल, तर वेळ असूनही एकांत नसतो आणि इथे पैसा नात्याच्याच कामी येतो. वाढीतून उरलेले साडेसात हजार स्वतंत्र खोली असलेल्या घराच्या भाड्यात गेले, तर १३८ रुपयांचा तासही परवडेल. खोली आहे पण आतून कडी नाही, अशी घरं भरपूर. कडी लावायला सुतार अर्ध्या तासात येतो. मूल पाच-सहा वर्षांचं झाल्यावरही मधेच झोपत असेल, तर त्याची गादी आधी त्याच खोलीत वेगळी करा, दोन-तीन आठवड्यांनी बाहेर न्या. एका रात्रीत हलवलं की ते रडून परत येतं आणि प्रयत्न सोडला जातो.

मग चिठ्ठ्या. दोघांनी वेगवेगळं बसून लिहायचं: संध्याकाळचा एक तास मी किती रुपयांना देईन? एकमेकांना दाखवण्याआधी घडी घाला. कमावणारा माणूस दुसऱ्याच्या वतीने आकडा ठरवून मोकळा होतो, ही इथली नेहमीची चूक. एकाने १०० आणि दुसऱ्याने ६०० लिहिलं, तर मोठा आकडा धरा. घरी वाट पाहणाऱ्याची किंमत बहुधा तीच असते. तो १३८ च्या वर असेल तर ही ऑफर आहे तशी घेऊ नका.

‘आहे तशी’ म्हणण्याचं कारण, घासाघीस अजून बाकी आहे आणि ती रुपयांवर न करता दिवसांवर करा. आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळालं तर ऑफिसचे दिवस १३ होतात, पेट्रोल ४,५५०, बाहेरचं जेवण ८००, प्रवासाचे जास्तीचे तास साडेबत्तीस. हातात ११,५२५, तासाला ३५५. पाचही दिवस जाऊन हाच दर हवा असेल तर वर्षाला आणखी सुमारे १ लाख ७० हजार मागावे लागतील. बहुतेक कंपन्यांना दोन दिवस देणं स्वस्त पडतं. तोंडी ‘बघू, मॅनेजरवर आहे’ यावर विसंबू नका; मॅनेजर बदलतो. ऑफर लेटरमध्ये दिवसांचा आकडा लिहून घ्या.

नोकरी घेतलीच, तर वाढीतला एक भाग वेळ परत विकत घेण्यात घाला: पोळ्यांना बाई, आठवड्याचा बाजार घरपोच. संशोधक अ‍ॅश्ली व्हिलन्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की वस्तूंपेक्षा वेळ वाचवण्यावर खर्च केल्यावर लोक जास्त समाधानी असतात. मात्र वाचलेला तास त्याच दिवशी ‘मो’च्या ओळीत लिहा, नाहीतर तो लॅपटॉपकडे जातो. पैशाचं बोलणं पगारानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी, अर्धा तास, टेबलावर, अंथरुणात नाही. चार्जर झोपायच्या खोलीबाहेर.

तीन महिन्यांनी तीच सात दिवसांची वही पुन्हा भरा, सणवार नसलेल्या आठवड्यात. ‘मो’च्या ओळी निम्म्यावर आल्या असतील किंवा झोप रोज तासाभराने कमी झाली असेल, तर हिंजवडीच्या बाजूला घर भाड्याने पाहा, नाहीतर हडपसरजवळची नोकरी. मुलांची शाळा मधे येते, म्हणून ही वही फेब्रुवारीच्या आत भरलेली बरी.