लॉन पिवळं पडतंय? पाणी वाढवण्याआधी मुळं बघा

पाऊस चांगला झालेला असतो, तरीही ऑगस्ट-सप्टेंबरात लॉनवर पिवळे चट्टे पडतात. मग कुणी पाणी वाढवतं, कुणी युरिया फेकतं. त्याआधी चट्ट्यातलं गवत मुठीत धरून ओढा. सतरंजीची कड उचलावी तसं ते अलगद हातात आलं, तर मुळं हुमणीने, म्हणजे भुंगेऱ्याच्या मातीतल्या अळीने, खाल्ली आहेत. गवत घट्ट असेल तर कारण दुसरं: बुरशी, कुत्र्याचं मूत्र किंवा खाली राहिलेला बांधकामाचा राडारोडा. साळुंक्या आणि कावळे एकाच जागी चोची खुपसत असतील, तर संशय पक्का.

खात्रीसाठी चट्ट्याच्या मधोमध खणू नका. तिथलं खाऊन अळ्या पुढे सरकलेल्या असतात. पिवळं आणि हिरवं जिथे मिळतं तिथे फूटभर लांब-रुंद चौकोन खुरप्याने तीन बाजूंनी कापा, गवत उलटं करा आणि चार इंच खोलपर्यंतची माती गोणपाटावर चुरून बघा. पांढरट अंग, तपकिरी डोकं, काळपट शेपूट आणि चंद्रकोरीसारखी वळलेली अळी म्हणजे हुमणी. एक-दोन सापडल्या तर निरोगी लॉन त्या सोसतं. पाच-सहाच्या वर गेल्या तर उपाय हवा. चौकोन परत बसवून दाबा, पाणी द्या.

शेणखताच्या ढिगातली अंगठ्याएवढी जाड अळी मात्र बहुधा गेंड्या भुंग्याची असते. ती कुजलेल्या खतावर जगते, गवताच्या मुळांना त्रास देत नाही.

खरी लढाई मे-जूनमध्येच जिंकायची असते. हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. वळवाचा पहिला चांगला पाऊस पडला की मातीतले भुंगेरे संध्याकाळी सातच्या सुमारास बाहेर पडतात आणि कडुलिंब, बाभूळ, बोरीवर जाऊन बसतात. होय, कडुलिंबावरच! ज्या पाल्यावर आपण कीटकनाशक म्हणून भिस्त ठेवतो, तो त्यांचा आवडता खुराक.

त्या आठवड्यात रोज रात्री आठ-साडेआठला झाडाखाली चादर अंथरा, फांद्या जोरात हलवा आणि पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाका. झाड नसेल तर दिव्याखाली तसंच पाणी भरलेली परात ठेवा, पण साडेनऊला दिवा बंद करा. रात्रभर ठेवला तर उपयोगी किडेही मरतात. मादी मारली की तिची सगळी अंडी टळली. शेजारच्या चार बंगल्यांनी मिळून हे केलं तर फरक दिसतो, एकट्याने केलं तर निम्माच.

अंडी दहा-पंधरा दिवसांत फुटतात. म्हणून जुलै ते मध्य ऑगस्ट, अळ्या लहान असताना, मेटारायझियम ही मित्रबुरशी द्या: शंभर चौरस फुटांना 50 ग्रॅम भुकटी, दहा लिटर पाण्यात. पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा. माती आधी ओली हवी, वेळ संध्याकाळची, कारण कडक उन्हात बीजाणू मरतात. झारीने देऊन लगेच वरून साधं पाणी घाला, म्हणजे बुरशी मुळांपर्यंत उतरते. पुढे दोन आठवडे बुरशीनाशक फवारू नका. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. इथेच लोक धीर सोडतात. मेलेली अळी आधी कडक, मग हिरवट पावडर लागल्यासारखी दिसते.

सप्टेंबरनंतर अळी करंगळीएवढी होते आणि कशालाच फारशी दाद देत नाही. मग चट्टे उलटून अळ्या हाताने वेचणं हाच खात्रीचा मार्ग. घरात फोरेट या कीटकनाशकाचा जुना डबा असेल तर त्याला हात लावू नका. ते अत्यंत विषारी आहे आणि 2020 च्या अखेरीपासून देशात त्यावर बंदी आहे.

लॉनला शेणखत द्यायचं तर पूर्ण कुजलेलं, भुगा झालेलं आणि चाळून द्या. ओल्या, कच्च्या शेणातून अळ्या आणि अंडी बागेत येतात. कुंड्यांची माती एप्रिलमध्ये पसरून उन्हात दोन-तीन दिवस उलटी-पालटी करा. लपलेले भुंगेरे पक्षीच टिपतील.